गप बसली म्हणजे कबूल झाली?

पासली. पूर्वीचा वेल्हे तालुका, जिल्हा पुणे. तोरण्याच्या पाठीमागं डोंगरात दडलेलं गाव. पावसाळ्यात पाऊस उघडत नाही. भात, नाचणी, वरई एवढंच पिकतं. बाकी पोट भरायला पोरं पुण्या-मुंबईची वाट धरतात. मीही धरली. सध्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. तुटलेला धागा सांधायचा, हे माझं काम. कविता लिहितो. शिक्षण म्हणाल तर थोडं शाळेत झालं आणि बाकीचं रद्दीच्या दुकानात.

पासलीवरनं रस्ता पुढं केळदला जातो. केळदच्या पुढं मढे घाट. घाट उतरलात की कोकण लागतं, महाड तालुका. तानाजीचं प्रेत सिंहगडावरनं याच वाटेनं उमरठला नेलं असं सगळे सांगतात. आमच्या घरात मात्र दुसरीच गोष्ट सांगतात. माझा पणजा हाच घाट उतरून चवदार तळ्यावर गेला होता. "पाणी प्याला का?" असं मी लहानपणी आज्याला विचारायचो. आजा म्हणायचा, "प्याला. पण गावात परत आल्यावर आठ दिवस कुणाला बोलला नाही."

का बोलला नाही? भ्याला म्हणून? का आनंद पोटात ठेवायची सवय होती म्हणून? ते आता सांगायला कुणी नाही. पण 'बोलला नाही' हे दोन शब्द माझ्या डोक्यात रुतून बसले आहेत. गावानं, पाटलानं, पोलिसानं, कोर्टानं आमच्या न बोलण्याचा अर्थ नेहमी आपल्या सोयीनं लावला. गप बसला म्हणजे त्याला मान्य होतं. गप बसली म्हणजे तिची मर्जी होती.

हा अर्थ चुकीचा आहे असं भर सुप्रीम कोर्टाला ठणकावून सांगणाऱ्या चार मास्तरांचा हा इतिहास आहे. त्यातल्या एक बाई पुण्याच्या विद्यापीठात कायदा शिकवायच्या. नाव वसुधा धागमवार. आपल्या पोरांना हे नाव ठाऊक नाही. मलाही नव्हतं. रद्दीत फौजदारी कायद्याचं एक फाटकं पुस्तक मिळालं, त्यातून धागा धागा ओढत मी तिथवर गेलो.

दोस्तांनो, तुम्ही म्हणाल, आपल्या अंकात प्रोफेसरावर लेख? प्रोफेसर म्हणजे पगार, बंगला, सेमिनार. गावकुसाबाहेर त्यांचं काय काम? मीही असंच म्हणत होतो. म्हणून आधी आपल्याच घरातली एक गोष्ट.

आपण बाबासाहेबांना बॅरिस्टर म्हणतो, घटनेचे शिल्पकार म्हणतो. ते मास्तर होते हे विसरतो. १९१८ ते १९२० ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. पुढं बाटलीबॉयच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. जून १९२८ पासून मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक. १ जून १९३५ ला त्याच कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले आणि १९३८ पर्यंत राहिले. न्यायशास्त्राची पेरी प्रोफेसरशिप त्यांच्याकडं होती. वर्गात साहेबांचा कायदा शिकवायचा आणि वर्गाबाहेर त्याच कायद्याला आपल्या माणसांच्या बाजूनं उभं करायचं, अशी ती दुहेरी पाळी होती.

चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. मार्चमध्ये पाणी प्याले आणि मार खाल्ला. डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा कोर्टाचा मनाईहुकूम आडवा आला. पण तो दावा पुढं दहा वर्षं चालला. महाडच्या सवर्णांचं म्हणणं काय होतं? तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांनी तिथं पाणी भरायचं नाही ही पूर्वापार रूढी आहे. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं आला नाहीत, गुमान लांबून गेलात, त्याअर्थी न येणं हाच कायदा झाला. मुंबई हायकोर्टानं १७ मार्च १९३७ ला हा दावा फेटाळला. अशी अनादी काळापासूनची रूढी सिद्ध झाली नाही, असं कोर्टानं म्हटलं. निकाल लागला तेव्हा बाबासाहेब लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. आणि पणजा बहुधा पासलीत कुणाच्या तरी बांधावर राबत होता. त्याच्या न बोलण्याची बाजू कोर्टात मांडली गेली होती, हे त्याला कळलं असेल का?

आता पुण्याच्या बाईंकडं येतो.

भारतीय दंडसंहिता कुणी लिहिली? मेकॉले आणि त्याच्या कमिशननं. १८३७ ला मसुदा तयार झाला, १८६० ला कायदा झाला, १ जानेवारी १८६२ पासून तो लागू झाला. आपल्या बापजाद्यांना ज्या कलमांखाली ठाण्यात बसवलं त्या कलमांचं मूळ तिथं आहे. १९७४ साली वसुधा धागमवारांचं इंग्रजी पुस्तक आलं, 'लॉ, पॉवर अँड जस्टिस'. कायदा, सत्ता आणि न्याय. या दंडसंहितेत माणसाच्या देहाच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कांचं रक्षण किती, हा त्याचा विषय. नावातच बघा, कायदा आणि न्याय यांच्या मधोमध सत्ता बसवली आहे. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. पण विद्यापीठात बसून, जुने कागद उपसून, फौजदारी कायद्याच्या अभ्यासकानं ते लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे.

दंडसंहितेतलं एकच कलम बघू. कलम ३७४. कुणाकडूनही बेकायदेशीरपणे, त्याच्या इच्छेविरुद्ध सक्तीनं काम करून घेतलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. वाचून मला हसू आलं. १८६२ पासून हे कलम होतं, मग महारांना वेठ कशी लागली? गावचा सांगावा घेऊन पळणं, साहेबाचं ओझं वाहणं, मेलेलं ढोर ओढणं हे काय होतं? उत्तर 'बेकायदेशीरपणे' या शब्दात आहे. १८७४ चा वतनाचा कायदा होता. त्यानं महाराची चाकरी कायदेशीर करून टाकली. वतन घेतलंय ना, मग राबणं आलंच. आणि 'इच्छेविरुद्ध' कसं म्हणता, पिढ्यान्‌पिढ्या गुमान तर करताय! बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. वतन प्रत्यक्षात गेलं ते १९५८ च्या कायद्यानं, १ ऑगस्ट १९५९ पासून. तोवर आमचं गप राबणं कागदोपत्री राजीखुशीचं होतं.

हे डोक्यात ठेवा. पुढची गोष्ट याच्याशीच जोडलेली आहे.

२६ मार्च १९७२. चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, आता ते गडचिरोलीत आहे. एक आदिवासी पोरगी. आईबाप नाहीत, भावाजवळ राहायची, मजुरी करायची. डॉक्टरांच्या अंदाजानं वय चौदा ते सोळा. घरगुती तक्रारीवरनं तिला रात्री पोलीस ठाण्यात आणलं. जबाब झाले. बाकीच्यांना जा म्हणाले, तिला थांबवून घेतलं. ठाण्यातले दिवे बंद झाले. बाहेर तिची माणसं उभी होती. आत वर्दीतला पोलीस होता.

तिचं नाव सगळ्या देशाला माहीत आहे. चळवळीनं हा खटला तिच्याच नावानं ओळखला. कायद्याच्या पुस्तकात तो आरोपीच्या नावानं आहे, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. पुढं १९८३ मध्ये कायदा झाला की अशा बाईचं नाव छापायचं नाही. तो कायदा व्हायला जी कारण झाली तिचंच नाव उघडं राहिलं. मी इथं ते लिहीत नाही. एवढं तरी आपण करावं.

१९७४ साली सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं. पोरीलाच खोटं ठरवलं. तिला आधीची सवय आहे, असलं लिहिलं. १९७६ साली हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. एकाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष. भीतीनं निमूट राहणं वेगळं आणि मर्जीनं हो म्हणणं वेगळं, हा फरक हायकोर्टानं ओळखला. ठाण्यात, रात्री, अनोळखी पोलिसांपुढं ती करणार काय होती?

मग १५ सप्टेंबर १९७८. सुप्रीम कोर्ट. दोघेही निर्दोष. अंगावर जखमा नाहीत, झटापटीच्या खुणा नाहीत, आरडाओरडा केल्याचं पटत नाही. म्हणजे संमती होती.

पुन्हा तोच न्याय. लांबून गेलात म्हणजे रूढी मान्य. वेठ गुमान केली म्हणजे राजीखुशी. ओरडली नाही म्हणजे संमती.

खटला संपला होता. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट बोललं की वर फक्त आभाळ. वर्ष गेलं. आणि बरोबर एक वर्ष एक दिवसानं, १६ सप्टेंबर १९७९ ला, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं.

चौघं कोण? उपेंद्र बक्षी, दिल्ली विद्यापीठ. लोतिका सरकार, दिल्ली विद्यापीठाच्या कायदा विभागातल्या पहिल्या बाई प्राध्यापक, फौजदारी कायदा शिकवायच्या. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीवर १९७४ साली जो सरकारी अहवाल आला त्या समितीवर त्या होत्या. रघुनाथ केळकर, तेही दिल्लीलाच. फौजदारी प्रक्रियेवरचं त्यांचं पुस्तक लॉ कॉलेजांतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. आणि चौथ्या पुणे विद्यापीठाच्या वसुधा धागमवार.

आडनाव ऐकून माणूस मोजायची सवय आपल्याला लागलेली आहे. ती उगाच लागलेली नाही, अनुभवानं लागली आहे. पण हे पत्र वाचलं तेव्हा मी ती सवय बाजूला ठेवली. कारण पत्रातली बाजू आपली आहे.

त्यांनी काय म्हटलं ते माझ्या शब्दांत सांगतो. संमती असेल तर बाई विरोध करत नाही, हे खरं. पण बाईनं विरोध केला नाही म्हणून संमती होती, हे खरं नाही. हे गणित उलटं चालत नाही. भीतीपुढं मान तुकवणं हे वेगळंच आहे. कोर्टानं तिचं वय बघितलं नाही. गरिबी बघितली नाही. आपले हक्क काय आहेत हे तिला ठाऊक नव्हतं, वकील जवळ नव्हता, पोलीस म्हटल्यावर गरिबाच्या पोटात गोळा येतो, हे काहीच बघितलं नाही. बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या राहत्या ठिकाणीच जायचं, असं तेव्हाच्या फौजदारी प्रक्रियेचं कलम १६० सांगत होतं. त्याच सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी, १९७८ ला, नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात यावरनं पोलिसांना सुनावलं होतं. नंदिनीबाई ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री. मग देसाईगंजच्या मजुराच्या पोरीला रात्री ठाण्यात का ठेवून घेतलं, यावर कोर्ट एक शब्द का बोलत नाही? घटनेतले हक्क काय मुख्यमंत्र्यांपुरतेच आहेत? शेवटी मागणी होती, मोठ्या खंडपीठापुढं हा खटला पुन्हा ऐका.

मला यातलं धाडस हळूहळू कळलं. मिलमध्ये मुकादमाला उलट बोललं तर पाळी बदलते, फार झालं तर गेटबंद होतं. मास्तरांचं तसं नसेल. पण कायदा शिकवणाऱ्यानं कोर्टाचा निकाल वर्गात वाचून दाखवायचा असतो, खालची रेघ पोरांना पाठ करायला लावायची असते. निकाल चुकला असं सरन्यायाधीशांनाच पत्र लिहायचं, तेही उघडं, छापायला द्यायचं, ही रीत तेव्हा नव्हती. आणि त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. ज्या कलमांवर कोर्ट उभं होतं तीच उचलून दाखवली. दंडसंहितेतलं कलम ९० पहिल्यापासूनच सांगत होतं की भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नाही. फौजदारी कायद्याचा अभ्यास मुरलेला असल्याशिवाय असं पत्र लिहिता येत नाही. आपण मोर्चात घोषणा देतो ती दुसऱ्या दिवशी विरते. या पत्राला आता पन्नाशी येत चालली, अजून कुणाला खोडता आलेलं नाही.

पुढं काय झालं? सुरुवातीला फारसं काही नाही. मग पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या. १९८० मध्ये मुंबईत बायकांनी बलात्कारविरोधी मंच काढला. ८ मार्च १९८० ला ठिकठिकाणी बाया रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी विधी आयोगानं आपला ८४ वा अहवाल बलात्काराच्या कायद्यावर दिला. १९८३ साली कायदा बदलला. ठाण्यात, तुरुंगात, सरकारी दवाखान्यात, ताब्यातल्या बाईवर अत्याचार झाला तर किमान दहा वर्षं. संबंध सिद्ध झाला आणि बाई कोर्टात म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं ते खरं धरून चालायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. हे पुराव्याच्या तेव्हाच्या कायद्यातलं कलम ११४-अ.

पण देसाईगंजच्या पोरीला काय मिळालं? काही नाही. फेरविचार झाला नाही. दोन्ही पोलीस निर्दोष ते निर्दोषच राहिले. तिच्या अंगावरनं कायद्याचा रस्ता गेला आणि ती रस्त्याच्या कडेलाच राहिली. हे लिहिलं नाही तर हा इतिहास खोटा होईल. आपल्याकडंही असंच होतं. गाव जळतं, जीआर निघतो. ज्याचं घर जळलं तो जीआर वाचू शकत नाही.

मला वाटतं धागमवारबाईंना हे कळलं होतं. कारण त्यांची पुढची वाट बघा. त्या वर्गाच्या चार भिंतींत राहिल्या नाहीत. सातपुड्यातल्या अक्कलकुव्याला गेल्या. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, १९९८ पासून नंदुरबार. भिल्ल, तडवी आदिवासींच्या जमिनीच्या हक्काचा प्रश्न त्यांनी हातात घेतला. कायदा पुस्तकात कसा दिसतो हे त्यांना ठाऊकच होतं, तलाठ्याच्या दप्तरात आणि फॉरेस्टवाल्याच्या काठीत तो कसा दिसतो हे तिथं बघितलं. १९८५ साली दिल्लीत 'मार्ग' नावाची संस्था काढली. नर्मदेच्या सरदार सरोवरात बुडणाऱ्या मध्य प्रदेशातल्या गावांत या संस्थेची माणसं गेली. तुम्हाला तुमच्या हक्कांबद्दल काय माहीत आहे, काय सांगितलं गेलंय, एवढंच विचारत हिंडली. ज्याचं घर बुडणार त्याला कुणी काही विचारलंय का, हा साधा प्रश्न. पुढं मार्गनं 'हमारे कानून' अशा साध्या हिंदीतल्या पुस्तिका काढल्या. बाईला, मजुराला, गाववाल्याला वाचता येईल असा कायदा.

१९९७ ला त्यांचं 'क्रिमिनल जस्टिस ऑर केऑस' आलं. फौजदारी न्याय की गोंधळ? २००६ ला आदिवासींना कायदा कसा भेटला यावर मोठं पुस्तक आलं. त्यात संथाळ परगण्यातले पहाडिया आहेत, सिंगभूमचे हो आहेत आणि आपल्या अक्कलकुव्याचे भिल्लही आहेत. २०१४ मध्ये बाई गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी लोतिका सरकार गेल्या होत्या.

ही त्यांची शिक्षकी कारकीर्द. प्रोफेसराची कारकीर्द म्हणजे किती सालापासून किती सालापर्यंत, कोणत्या खुर्चीवर, एवढंच आपण धरतो. मला ही कारकीर्द वेगळी दिसते. पुस्तकातनं निघाली, सुप्रीम कोर्टाच्या दारात गेली, तिथनं सातपुड्यात चढली आणि साध्या पुस्तिकेत येऊन बसली. बाबासाहेबांचीही वाट अशीच होती, लॉ कॉलेज ते चवदार तळं. फक्त ते तळ्यावर आधी गेले, प्रिन्सिपॉल नंतर झाले.

आता १९७९ च्या त्या एका मुद्द्याचं पुढं काय झालं ते बघा, कारण तिथं आपला थेट संबंध येतो.

१९८९ ला अॅट्रॉसिटीचा कायदा झाला, ३० जानेवारी १९९० पासून लागू. त्यात वेठबिगार करायला लावणं हा गुन्हा केला. आणि दुसरं एक कलम घातलं. दलित-आदिवासी बाईच्या इच्छेवर दाब टाकता येईल अशा जागी असलेल्या माणसानं त्या जागेचा फायदा घेऊन, एरवी जे तिनं मान्य केलं नसतं त्यासाठी तिचं शोषण केलं, तर तो गुन्हा. शब्द बघा, 'एरवी जे तिनं मान्य केलं नसतं'. म्हणजे तिच्या 'हो' च्या मागं कोण उभा आहे तेही बघा. मालक आहे का, पाटील आहे का, साहेब आहे का.

२०१२ च्या डिसेंबरात दिल्ली पेटली, २०१३ ला कायदा पुन्हा बदलला. बलात्काराच्या कलमात स्पष्ट लिहिलं: बाईनं अंगानं प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरनं तिची संमती होती असं धरायचं नाही. चार मास्तरांच्या पत्रातली गोष्ट. चौतीस वर्षांनी कायद्याच्या पानावर आली. अॅट्रॉसिटीच्या कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीनं हेच घातलं, २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू आहे. १ जुलै २०२४ ला मेकॉलेची दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ६३ मध्येही ते वाक्य कायम आहे.

मग सगळं ठीक झालं का? खैरलांजी २९ सप्टेंबर २००६ ची. अॅट्रॉसिटीचा कायदा तेव्हा सोळा वर्षांचा होता. २००८ ला विशेष न्यायालयानं आणि २०१० ला हायकोर्टानं शिक्षा दिल्या, पण जातीमुळं झालेला गुन्हा म्हणून तो कायदा लावला नाही. कलम पुस्तकात असणं आणि ते लागणं यात अख्खं गाव उभं असतं. म्हणून आपलं काम संपत नाही.

आणि आता जे लिहायचं ते लिहितो. टाळत आलो होतो.

आमच्या नात्यातली एक बाई. नातं सांगत नाही, गावही सांगत नाही. भातलावणीला दुसऱ्याच्या शेतावर जायची. तिथल्या कारभाऱ्यानं तिचा हात धरला, पुढं बरंच केलं. दोन महिने ती कुणाला बोलली नाही. मग एक दिवस भाताच्या पेंढ्या बांधताना माझ्या आईजवळ रडली. आम्ही तिला घेऊन ठाण्यात गेलो. कुठलं ठाणं ते जाऊ द्या. तिथल्या जमादारानं पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "बाई, ओरडलीस का? नाही ना? मग दोन महिने गप का बसलीस?" तक्रार घेतलीच नाही. समजुतीनं मिटवा म्हणाला.

जमादाराचं सोडा. परत येताना एसटीत मी तिच्या शेजारी बसलो होतो. वीस वर्षांचा होतो. जयंतीला भाषण करायचो, निळा गमछा गळ्यात. मी तिला काय विचारलं असेल? "तू तेव्हाच का नाही बोललीस गं?" तिनं खिडकीबाहेर बघितलं. त्यानंतर तिनं तो विषय माझ्याजवळ कधी काढला नाही.

जमादाराच्या आणि माझ्या प्रश्नात काय फरक होता? त्यानं वर्दीतनं विचारला, मी गमछ्यातनं. सुप्रीम कोर्टानं १९७८ ला जे विचारलं तेच. दोस्तांनो, हा प्रश्न आपल्याही वस्तीत, आपल्याही बैठकीत, आपल्याही घरात विचारला जातो. आपल्या पणज्याच्या गप्पपणाचा अर्थ सवर्णांनी लावला की आपण पेटून उठतो. आपल्या बायांच्या गप्पपणाचा अर्थ मात्र आपणच लावतो. तिची हजेरी शेतावर लावणारा तोच, मजुरी देणारा तोच, पुढच्या लावणीला बोलवायचं की नाही ते ठरवणारा तोच. ती ओरडणार कुणाच्या नावानं?

म्हणून हा इतिहास पाठ करू नका, वापरा. तक्रार घ्यायला ठाण्यात नकार दिला तर लक्षात ठेवा: असल्या गुन्ह्यांत बाईची फिर्याद न नोंदवणं हा पोलिसाचाच गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम १९९. अॅट्रॉसिटीच्या कायद्यात कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. वस्तीतल्या चार पोरींना हे माहीत असलं पाहिजे. पोरांनाही, पण आधी पोरींना.

गेल्या दिवाळीला पासलीत गेलो होतो. ती बाई पण आली होती. ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी कागदावर मराठीत उतरवून नेलं होतं ते तिला वाचून दाखवलं: बाईनं प्रतिकार केला नाही एवढ्यावरनं तिची संमती धरायची नाही, असा कायदा आहे. तिनं सूप खाली ठेवलं. पुन्हा वाच म्हणाली. मी पुन्हा वाचलं.

मग म्हणाली, "हे त्या दिवशी त्या साहेबाला वाचून दाखवायचं होतंस की रं."

मी गप बसलो. माझं गप बसणं मात्र खरोखर कबुली होती.

जयभीम.